कॅमेऱ्याखाली वेग कमी केला, तरी चलान कसं आलं?

प्रश्न: मी निगडीत राहते. आई खारघरला एकटी असते, म्हणून दर शनिवारी स्वतः गाडी चालवत एक्स्प्रेस वेनं तिच्याकडे जाते. महिन्याभरात माझ्या गाडीच्या नावावर वेगाची तीन ई-चलानं आली. एक घाटातलं, 60 च्या जागी 78. दुसरं घाट उतरल्यावर सपाटीवरचं, त्यात 'सरासरी वेग 109' लिहिलंय. ते मला पटतच नाही, कारण कॅमेऱ्यांची कमान दिसली की मी न चुकता 90 वर येते. आणि तिसरं चक्क नागपूरचं! नागपूरला मी कधी गाडी नेलेलीच नाही. मिस्टर म्हणतात भरून टाक, कटकट नको. ऑफिसातले म्हणतात एकही भरू नकोस, लोकअदालतीत निम्म्यात मिटतं. हे कॅमेरे खरंच बरोबर मोजतात का? आणि त्यांना आव्हान देता येतं का?
— एक वाचक, निगडी

ताई, नमस्कार.

आव्हान देता येतं. तो तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी ओळखपाळख किंवा वकील लागत नाही. पण तिन्ही चलानं एकाच गठ्ठ्यात बांधू नका. 'सगळी भरून टाक' आणि 'एकही भरू नको' हे दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी तुमच्या चलानांवरचे फोटो पाहिलेले नाहीत. आधी ते फोटो उघडा. महाट्रॅफिकच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की प्रत्येक चलान फोटोसकट दिसतं. मोबाइलवर आलेल्या मेसेजमधल्या लिंकवरून मात्र तिथे जाऊ नका. चलानाच्या नावाखाली खोट्या लिंक आणि एपीके फाइली पाठवून लोकांची बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार राजरोस चालू आहेत. पत्ता स्वतः टाइप करा आणि तो सरकारी, म्हणजे 'गव्ह डॉट इन'वर संपणारा आहे ना, ते बघा.

आता नागपूर. तिन्हींत हे सर्वात महत्त्वाचं, आणि ते 'कटकट नको' म्हणून भरलंत तर सर्वात जास्त नुकसान इथेच होईल. पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करून प्रकरण मिटवणं. म्हणजे त्या दिवशी तुमची गाडी नागपुरात होती, हे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून दिल्यासारखं होतं.

फोटो मोठा करून नंबर प्लेट एकेक अक्षर करून वाचा. नंबर वाचण्याचं काम माणूस करत नाही, सॉफ्टवेअर करतं. 8 आणि बी, 0 आणि डी, 1 आणि आय यांत त्याची गल्लत होते. प्लेटवर चिखल असेल, स्क्रू नेमका आकड्यावर बसवलेला असेल, किंवा एखाद्या हौशी माणसानं 8055 चं 'बॉस' आणि 4141 चं 'दादा' करून ठेवलं असेल, तर ही गल्लत आणखी वाढते. फोटोतली गाडी वेगळ्या कंपनीची, वेगळ्या रंगाची किंवा चक्क दुचाकी निघाली आणि तिचा नंबर तुमच्या नंबरच्या जवळपास जाणारा असला, तर प्रश्न सोपा आहे. त्याच संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. तिथे आरसी, तुमच्या गाडीचे पुढून-मागून काढलेले, प्लेट स्वच्छ दिसणारे फोटो आणि दोन ओळींचं निवेदन टाका. चुकीच्या वाचनाची चलानं अशा तक्रारीवर रद्द होतात, कारण खरं-खोटं ठरवायला एक नजर पुरते.

पण फोटोत तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच रंगाची गाडी असेल आणि नंबरही शब्दशः तुमचाच असेल, तर सावध व्हा. तुमच्या नंबरची बनावट प्लेट लावून कोणीतरी फिरतंय. आज वेगाचं चलान आलंय, उद्या त्या गाडीनं कोणाला उडवलं तर पोलीस तुमच्या दारात येतील. अशा वेळी ऑनलाइन तक्रार पुरेशी नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पुरावा म्हणून फास्टॅगचं स्टेटमेंट काढा. चलान शनिवारचं असेल तर काम आणखी सोपं, कारण त्या दिवशी तळेगाव किंवा खालापूरच्या टोल नाक्यावर तुमचा टॅग किती वाजता वाचला गेला हे त्यात असतं. तिथून सातशेहून जास्त किलोमीटरवर त्याच सुमारास तुमची गाडी असूच शकत नाही. शनिवार नसेल तर ऑफिसच्या पार्किंगची नोंद, सोसायटीच्या गेटचं सीसीटीव्ही, सर्व्हिस सेंटरची पावती, जे मिळेल ते गोळा करा. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून त्यासाठी आजच विचारा.

आता सरासरी वेगाचं चलान. तुमचा खरा गोंधळ इथे आहे आणि तो रास्त आहे, कारण ही पद्धत कोणी नीट समजावूनच सांगत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर जुलै 2024 पासून जी नवी वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा चालू झाली, तिच्यात दोन प्रकारची मोजणी आहे. पहिला प्रकार आपल्या ओळखीचा. गाडी कॅमेऱ्यासमोरून जाते तेव्हा त्या क्षणाचा वेग पकडायचा. दुसरा प्रकार सरासरीचा. एका कमानीवरच्या कॅमेऱ्यानं तुमचा नंबर वाचला आणि वेळ नोंदवली. काही किलोमीटर पुढच्या कमानीवर पुन्हा नंबर वाचला, पुन्हा वेळ नोंदवली. मधलं अंतर ठाऊक आहे, लागलेला वेळ ठाऊक आहे, भागाकार केला की वेग आला. इथे रडार लागत नाही, लेझर लागत नाही, नुसतं घड्याळ लागतं.

आकडे घालून बघा. दोन कमानींत 10 किलोमीटर अंतर आहे असं धरू. 100 च्या वेगानं ते कापायला बरोबर 6 मिनिटं लागतात. तुम्ही ते साडेपाच मिनिटांत कापलंत, की सरासरी 109 येते. तुम्ही कमान दिसताच 90 वर येता, मला मान्य आहे. पण ते किती वेळ? अर्धा किलोमीटर धरला तर जेमतेम 20 सेकंद. उरलेलं साडेनऊ किलोमीटर तुम्ही 110 च्या आसपास गेला असाल, तरच साडेपाच मिनिटांचा हिशोब बसतो. कमानीखाली वेग कमी करण्याचा या मोजणीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. उलट कमान दिसली म्हणून भर वेगात ब्रेक दाबला की मागच्या ट्रकचालकाच्या पोटात गोळा येतो. ही सवय कृपा करून सोडा.

यात चूक होऊ शकते का? होऊ शकते, पण किती, तेही मोजता येतं. दोन कमानींच्या घड्याळांत एका सेकंदाचा फरक असला तर 10 किलोमीटरच्या अंतरावर वेगात फरक पडेल साधारण ताशी एक तृतीयांश किलोमीटरचा. अंतर मोजताना कोणी 100 मीटरची चूक केली असली तर 109 चे 108 होतील. शंभरच्या आत यायचं तर घड्याळ तब्बल अर्धा मिनिट चुकायला हवं, आणि तसं झालं तर त्या टप्प्यातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला चुकीची चलानं जातील. टप्पा लहान असेल, समजा 2 किलोमीटरचा, तर मात्र एका सेकंदाची किंमत वाढते. तिथे 100 च्या आसपास दीड किलोमीटरपर्यंत फरक पडतो. म्हणून चलानावर सरासरीच्या टप्प्याचं अंतर आणि दोन्ही वेळा दिल्या आहेत का ते बघा. नसतील तर ते मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि माझ्या मते ते प्रत्येक चलानावर न मागता छापलेलंच असायला हवं. ज्या आकड्यावरून माणसाच्या खिशातून पैसे काढता, त्या आकड्याचा हिशोब त्याला दाखवायलाच हवा. गणित दिसलं असतं तर तुम्हाला हे पत्र लिहावंच लागलं नसतं.

घाटातलं 78 बहुधा त्या क्षणाचा वेग मोजणाऱ्या यंत्रानं पकडलेलं असेल. अशी यंत्रं मुख्यतः दोन जातींची. इंटरसेप्टर गाडीतल्या पोलिसांच्या हातात असते ती लेझर गन. ती प्रकाशाचे ठोके गाडीवर पाठवते आणि ते परत यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर कसं घटत गेलं ते मोजते. खांबावर बसवलेल्या यंत्रात बहुतेकदा रडार असतं. फलाटावर न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चिरका आणि लांब जाताना घोगरा ऐकू येतो, तोच नियम रडार रेडिओलहरींना लावतं. लहर गाडीवर आपटून परतते तेव्हा तिची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, थोडी बदललेली असते. 24 गिगाहर्ट्झच्या रडारसाठी हा बदल ताशी एका किलोमीटरला साधारण 45 हर्ट्झ इतका येतो. तो मोजणं आजच्या इलेक्ट्रॉनिक्सला अजिबात जड नाही.

चूक शिरते ती बसवण्यात. रडार रस्त्याच्या कडेला किंवा वर असतं, म्हणजे ते गाडीकडे तिरकं बघतं. तिरकं बघणाऱ्या रडारला वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. 20 अंशांच्या कोनात 100 चा वेग 94 दिसतो. म्हणून यंत्राला कोन सांगून ठेवतात आणि ते आकडा तेवढा वाढवून देतं. आता कोन 20 सांगितला आणि खांब सरकल्यामुळे किंवा रस्ता वळत असल्यामुळे तो प्रत्यक्षात 10 च असला, तर यंत्र वेग जास्त दाखवेल. घाटात वळणं आहेत, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण याचंही गणित मांडून बघा. एवढी 10 अंशांची ढोबळ चूक धरली तरी 78 चे खरे 74 निघतात. 60 निघत नाहीत.

'पण माझा काटा सत्तरच्या आतच होता' असं तुमच्या मनात येईल, म्हणून तेही सांगतो. गाडीचा स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये म्हणून उत्पादक तो किंचित जास्तच दाखवेल असा ठेवतात. म्हणजे कॅमेऱ्याला 78 दिसले तेव्हा तुमचा काटा बहुधा 80 च्या वर होता. अपवाद एकच. मूळच्यापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. तसं असेल तर टायर तपासा, पण ती सबब चलानापुढे चालणार नाही.

मग आव्हान कशाच्या बळावर द्यायचं? मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 136अ आलं आणि त्याखाली केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट 2021 मध्ये नियम 167अ आला. हा नियम यंत्रांवर बंधनं घालतो, आणि तो वाहनचालकांपैकी फारच थोड्यांना माहीत आहे. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी, इथे पाळत आहे हे सांगणारा फलक ठळक दिसेल असा हवा. गुन्हा घडल्यापासून 15 दिवसांत सूचना पाठवायला हवी. चलानासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्रानं मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण, कोणतं कलम मोडलं ते, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आणि अधिकृत व्यक्तीची सही एवढं सगळं हवं. हे प्रमाणपत्र जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब चं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम 63 खाली येतं. शिवाय रडारनं वेग मोजणाऱ्या यंत्रांची वजनमापाच्या यंत्रांसारखी पडताळणी आणि शिक्का व्हावा, यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2025 मध्ये स्वतंत्र नियम आणले.

यांतलं एखादं नसलं म्हणजे चलान आपोआप रद्द झालं, असं मात्र समजू नका. ती उणीव किती गंभीर हे न्यायदंडाधिकारी ठरवतात. माझ्या लेखी फोटो अस्पष्ट असणं, फोटोत दोन गाड्या असून वेग नक्की कोणाचा हे न कळणं, वाहनाचा प्रकार चुकीचा धरलेला असणं आणि फलक नसणं ही वजनदार कारणं आहेत. वाहनाच्या प्रकाराचं उदाहरण घ्या. या महामार्गावर आठ प्रवाशांपर्यंतच्या मोटारीला सपाटीवर 100 आणि घाटात 60 आहे. त्याहून मोठ्या प्रवासी वाहनाला आणि मालवाहू गाडीला मर्यादा कमी आहेत. कोणाच्या मोटारीला चुकून ट्रकची मर्यादा लावली गेली असेल, तर त्यानं अवश्य भांडावं. तुमच्या चलानावर 60 लिहिलंय, ते बरोबरच आहे.

यंत्राच्या प्रमाणपत्राची आणि कमानींमधल्या अंतराची माहिती हवी असेल तर 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. फक्त त्या उत्तराची वाट बघत चलानाची मुदत हातची घालवू नका. मुदत चलानावरच बघा, तिचे नियम बदलत असतात. आधी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक जपा, आणि मग माहिती मागवा. तक्रार फेटाळली गेली तर प्रकरण कोर्टात लढवता येतं. तिथे तुम्ही स्वतः उभ्या राहून म्हणणं मांडू शकता. हरलात तरी हलक्या वाहनासाठी वेगाच्या गुन्ह्याचा दंड कायद्यानं 1000 ते 2000 च्याच दरम्यान आहे, त्यामुळे 'कोर्टात गेलात तर दसपट भरावे लागतील' अशी भीती कोणी घातली तर ऐकू नका. खर्च होईल तो तुमच्या रजेचा.

लोकअदालतीबद्दल ऑफिसातल्यांचं अर्धंच ऐका. तिथे तडजोड होते, काही वेळा रक्कम कमीही होते, पण निम्म्यात मिटेल असा कोणताही नियम नाही. शिवाय लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून न केलेल्या गुन्ह्याचं, म्हणजे नागपूरचं, चलान तिथे चुकूनही मिटवू नका. आणि नुसतं न भरता बसून राहणं हा तर आव्हान देण्याचा मार्गच नाही. थकलेल्या चलानांमुळे आरटीओतली गाडी नावावर करण्यासारखी कामं अडू शकतात. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. वेगाचा गुन्हा पुन्हा घडला तर कलम 183 मध्ये लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे. नागपूरचं सोडलं तरी तुमच्या नावावर आजच दोन आहेत. आईकडे जाण्यासाठी तुम्हाला ते लायसन्स हवंय.

म्हणून माझा सल्ला असा. घाटातल्या चलानाचा फोटो स्वच्छ असेल, गाडी एकटीच असेल आणि जागेवर फलक असेल तर ते भरा. पुढच्या शनिवारी जाताना गाडीत बरोबर कोणी असेल तर फलकाचा फोटो त्यांना काढायला सांगा, तुम्ही चालवताना काढू नका. फलक झाडाआड गेला असेल किंवा नसेलच, तर भरू नका, तक्रार करा, आणि ती मनापासून करा. तशी तक्रार तुमच्यानंतर येणाऱ्या हजारो लोकांच्या कामाची आहे. सरासरीचं चलान हिशोब मागून तपासा. अंतर आणि वेळ जुळली तर तेही भरा.

आणि भरणं मी सुचवतोय ते नियमापुढे मान तुकवायची म्हणून नाही. 2016 या एका वर्षात या महामार्गावर 151 माणसं मेली. घाटात 60 ऐवजी 78 नं गाडी असेल तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर जवळजवळ 1.7 पट होतं, तेही उतार धरलेला नसताना. बोरघाटात पुढे बंद पडलेला कंटेनर वळणामागे उभा असतो, तेव्हा तेवढंच अंतर कामाला येतं. तुमची आई खारघरला एकटी आहे, असं तुम्ही पत्राच्या दुसऱ्याच वाक्यात लिहिलंय. ते वाक्य वाचल्यापासून मला तुमच्या दंडापेक्षा तुमच्या वेगाची काळजी जास्त वाटतेय.

जाता जाता आणखी एक काम करा. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर सध्याचाच आहे ना, ते तपासा. जुन्या नंबरवर सूचना जात राहते आणि मुदत उलटून गेल्यावर कळतं, असं कित्येकांचं झालंय. नागपूरच्या फोटोत गाडी कोणती निघाली ते मात्र जरूर कळवा. बनावट प्लेट निघाली तर पोलीस ठाण्यात द्यायच्या अर्जाचा मसुदा मी तुम्हाला लिहून देईन.